बाबांच्या रायफलीची दुर्बीण

माझा एक पुतण्या मोर्शीकडे संत्र्याची बाग सांभाळतो. पीकसंरक्षणाचा परवाना हातात पडल्यापासून त्याला दुर्बिणीनं पछाडलंय. दिवसाआड मोबाइलवर फोटो येतात, "काकू, ही पाहा. इच्यात चोवीसपर्यंत पॉवर हाय." मी आयुष्यभर अमरावतीत पोरापोरींना एअर रायफल शिकवली, म्हणून बंदुकीतलं सगळं काकूला कळतं असा त्याचा समज. मी त्याला एकच विचारते, "कशासाठी पाहिजे?" तो म्हणतो, "सगळ्यासाठी." तिथं माझं डोकं फिरतं. सगळ्यासाठी म्हणून काही नसतं. झाडीत वेगळी लागते, उघड्या रानात वेगळी लागते, आणि आमच्या निशाणेबाजीच्या खेळात तर दुर्बीण चालतच नाही, तिथं बारीक भोकातून आपल्याच डोळ्यानं बघावं लागतं. हे मला अकोल्याच्या एका बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा ऐकायला मिळालं, पण पुरतं कळलं ते नंतर एका सकाळी. ती सकाळ लिहायला बसलेय आणि एवढ्यात दोनदा उठून चहा ठेवून आले. स्वभावाला औषध नाही.

तेव्हाही माझं असंच होतं. शिकायला मी अमरावतीला मावशीकडे असे, सुट्टीत मोर्शीजवळच्या आमच्या गावी येई. आल्यावर घरात पाय ठरत नसे. माय म्हणायची, "या पोरीच्या पायाले चाकं हायेत." चूल ते विहीर, विहीर ते गोठा, गोठ्यातून बागेत, बागेतून नाल्यावर. मी गप्प होई ती एकाच ठिकाणी, एनसीसीच्या रायफलीमागं पोटावर पडल्यावर. तिथं श्वास धरला की अंगातली सगळी वळवळ थांबायची. माझा नेम चांगला होता आणि हे घरी कोणाला सांगून उपयोग नव्हता, कारण घरात नेम एकाचाच, बाबांचा. त्यांची रायफल लोखंडी कपाटात कुलपात असे. तिला तेल घालताना मी जवळ बसायची, पण हात लावला की, "ठेव. खेळनं नाही ते."

त्या वर्षी मात्र घरालाच चैन नव्हती. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. बागेमागं नाला, नाल्यापलीकडं आमचा हरभरा, आणि डुकरं दोन्हीकडं आपलीच शेती असल्यासारखी फिरत. दिवेलागण झाली की चहूबाजूंनी डबे बडवल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यात कुत्री, त्यात कोणाची तरी आरोळी. बाबा पडवीत येरझारा घालत. आजूबाजूच्या शेतांतून त्यांना बोलावणी येत, कारण वनखात्याची परवानगी आणि परवान्याची रायफल असलेला माणूस त्या भागात तेच. पूर्वी बोलावणं आलं की ते ताटावरून उठून जात. आता म्हणत, "उद्या पाहू." लोकांना वाटे, म्हातारपण आलं. म्हातारे कसले, पन्नाशीही नव्हती. मला वाटे, कंटाळले असतील. एक गोष्ट दिसत होती पण मी तिचा अर्थ लावला नाही. आमच्याकडं कोणाच्याही पायात काटा मोडला की बाबा तो सुईनं काढून देत, असा की मोडलेला कळायचा पण काढलेला कळायचा नाही. त्या दिवाळीत माझ्या टाचेत बाभळीचा काटा शिरला. मी सुई घेऊन त्यांच्यापुढं पाय केला तर म्हणाले, "मायजवळ जा. मले काम हाय." आणि काम तर काही नव्हतं, ते नुसते बाजेवर बसून होते.

दुर्बिणीचं टुमणं मायनं लावलं. एकदा जंगलखात्याचा एक साहेब आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला होता. त्यानं गळ्यातली दुर्बीण तिच्या डोळ्याला लावून दिली होती. नाल्यापलीकडच्या निंबावरचा होला तिला हातावर बसल्यासारखा दिसला. "डोयातलं बुबुळ दिसे व," असं ती आल्या-गेल्याला सांगायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं की दुर्बीण म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही दाखवणारी वस्तू. जेवण वाढता वाढता म्हणायची, "घेऊन टाका एकदाची." बाबा हो-नाही म्हणत नसत. मग एका सकाळी म्हणाले, "नंदे, चाल. अकोल्याले जाऊ."

अकोला का, हे मला कळेना. अमरावती वाटेतच लागते, तिथं बाबांच्या ओळखीचं दुकान होतं, काडतुसं तिथूनच येत. मी एसटीत खिडकीशी बसून तेच विचारत राहिले. बाबा म्हणाले, "अकोल्यात माल चांगला भेटते." बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, शेतातला कापूस फुटून पांढरा झाला होता. मी शंभर वेळा जागा बदलली. बाबा मांडीवर पिशवी धरून समोर बघत होते. आज मला ठाऊक आहे की अमरावतीचा दुकानदार त्यांना वीस-पंचवीस वर्षं ओळखत होता आणि अकोल्याचा ओळखत नव्हता, एवढाच अकोल्याचा माल चांगला होता.

दुकान अरुंद होतं, आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. शेठ जाडजूड, पान खाणारा, घाई नसलेला. बाबांनी दुर्बीण म्हटल्यावर त्यानं एकही डबा उघडला नाही. म्हणाला, "भाऊसाब, पैले सांगा, कायले पाहिजे? बगीचा हाय का खुलं रान? सकाळी मारता का उन्हात? रायफल कोनती?" बाबांनी सांगितलं, बाग पण आहे, हरभरा पण आहे, जनावर येतं सकाळी आणि तिन्हीसांजेला. शेठनं दोन दुर्बिणी काचेवर ठेवल्या. एक आखूड, चार पॉवरची. दुसरी लांब आणि देखणी, नऊ पॉवरची. "ही चारवाली बगीच्यासाठी. इच्यात पूरा जानवर दिसते, आजूबाजूचं बी दिसते. नऊवाली खुल्या रानात, लांबचा रोही, नीलगाय, पाहाले. पर पॉवर वाढली का उजेड घटते, ध्यान में रखना. बगीचे में ये लगाओगे, तो जानवर नहीं दिखेगा, जानवर का बाल दिखेगा." शिवाय म्हणाला, रायफल धक्का देणारी आहे तेव्हा डोळा काचेपासून चांगला लांब राहील अशीच घ्या, नाहीतर भुवई फुटते. मी मध्येच विचारलं, आमच्या एनसीसीच्या रायफलीला कोणती लागेल? तो हसला. "बेटी, तुमाले कायले? तुमी त कागद मारता. कागद पळून जात नाही."

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काकू, भिंग दूरचं टाकू की जवळचं? तुम्हाला रोजच्याला काय जास्त लागतं ते सांगा." मला हसू आलं. तिला वाटलं काकू घाबरल्या. मला पानाचा वास आला होता.

तर शेठनं आम्हाला दारात उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या धान्याच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. बाबांनी चारवाली डोळ्याला लावली, थोडा वेळ बघितलं आणि माझ्या हातात दिली. "तू वाच नंदे." मी पाटी घडाघडा वाचली, खाली मालकाचं नाव वाचलं, पायरीवर झोपलेलं कुत्रंही सांगितलं. मग नऊवाली. तीही त्यांनी आधी लावली, पुष्कळ वेळ लावून ठेवली. मी घेतली तर त्यात पाटी मावतच नव्हती, एक अक्षर आणि त्याच्या रंगाचे पोपडे. मी म्हटलं, "बाबा, चारवाली घ्या. याच्यात काहीच समजत नाही." शेठनंही तेच सांगितलं. बाबा म्हणाले, "हेच द्या." मला राग आला. बाजारात सगळ्यांत मोठं वांगं उचलणाऱ्या माणसासारखे वागताहेत, असं वाटलं, आणि परतीच्या एसटीत मी मूर्तिजापूरपर्यंत बोलले नाही. त्या एका मोठ्या अक्षरातच त्यांना काहीतरी अक्षरासारखं दिसलं होतं, हे मला कसं कळावं?

घरी आल्यावर मायनं दुर्बिणीला हळदीकुंकू लावलं आणि काचेला लागलेलं कुंकू पुसता पुसता बाबांचा घाम निघाला. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या उंच काठाशी तेलाच्या डब्याचं काळं पडलेलं झाकण लावलं, त्यावर चुन्याचा ठिपका दिला, आणि बाबांनी नेम जुळवायला घेतला. ते गोळी झाडत, मी पळत जाऊन भोक बघून येई. "उजवीकडं, वीतभर." ते नाण्यानं दुर्बिणीचा खिळा फिरवत आणि पुन्हा झाडत. पळायचं काम असल्यानं मी खुशीत होते. शेवटी भोक चुन्यातच पडलं. हात तसाच स्थिर, श्वास तसाच. मायनं घरातून आवाज मोजले असावेत, कारण जेवताना ती म्हणाली, "आता दिसते ना बरोबर?" बाबा म्हणाले, "हो. दिसते." काळ्यावरचा पांढरा चुना त्यांना दिसत होता, हे खोटं नव्हतं.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. बाग व्यापाऱ्याला दिली की झाडावरचं प्रत्येक फळ व्यापाऱ्याचं होतं, घरच्या माणसानंही तोडायचं नाही. पण जमिनीवर पडलेलं फळ, ज्याला आम्ही गळ म्हणतो, ते घरच्या बायकांचं. त्यात पुरुषानं बोट घालायचं नाही. माय गळ गोळा करी, चांगली फळं मोर्शीच्या बाजारात बसून विकी, आणि त्यातून घेतलेल्या पितळी गंगाळाकडं बोट दाखवून म्हणे, "हे माहं हाय." तोड सुरू व्हायच्या सकाळी बायकांची शेवटची फेरी असे, कारण एकदा मजूर बागेत शिरले की गळ आणि माल एक होतो. म्हणून माय त्या दिवशी फटफटताच बागेत गेली. दव फार पडे, म्हणून तिनं गोणपाटाचं एक टोक दुसऱ्यात खोचून त्याची खोळ डोक्यावरून पाठीवर घेतली होती. अशी खोळ आमच्याकडं सगळ्याच बाया घेतात.

आम्ही तिच्या आधी निघालो होतो. बाबांनी मला बरोबर घेतलं, हेच त्या सुट्टीतलं माझं मोठं सुख. "हरभऱ्यात जातो," असं मायला सांगितलं होतं. पण नाल्याशी ओली माती उकरलेली दिसली, ताजे खूर दिसले, आणि ते सरळ बागेकडं गेले होते. मीच दाखवले. बाबा क्षणभर थांबले, मग म्हणाले, "चाल मंग बगीच्यात." ऊन खाली उतरेपर्यंत माय बागेत यायची नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगडाआड बसलो. धुई नुकतीच विरली होती. झाडांच्या शेंड्यांना ऊन लागलं होतं, खाली मात्र सावळंच. बाबांनी रायफल दगडावर टेकवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. मी त्यांच्या डाव्या हाताला, नळीच्या बाजूला. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि हलायची सोय नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत, झाडाच्या घेराखाली, मातकट पाठ हलली. बाबा पुटपुटले, "हाय. पाठ दिसून राहिली." मलाही पहिल्यांदा डुक्करच वाटलं. तसंच वाकलेलं, तसंच बुंध्याशी घुटमळणारं. मग ते पुढं सरकलं आणि त्याच्या मागं टोपली दिसली. टोपलीत संत्री. मला पूर्ण माय दिसली, खोळ, खोळीखालून निघालेला हिरवा पदर, चिखलाचे पाय. बाबांना दुर्बिणीत नुसता गोणपाटाचा रंग दिसत होता. त्यांनी श्वास धरला. तो श्वास मला ओळखीचा होता, त्याच्यानंतर काय येतं तेही.

ओरडता आलं नाही. आम्हाला रायफल शिकवणाऱ्या सुभेदारानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नेम धरलेल्या माणसाजवळ ओरडायचं नाही, बोट दचकतं. मी हात लांब केला आणि दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर तळवा ठेवला. काच गार होती. आता बाबा खेकसतील, हात झटकतील, म्हणून मी अंग आवळून बसले.

बाबा हलले नाहीत. डोळा तसाच लावलेला. हळू आवाजात म्हणाले, "ढग आला वाटते. थांबू जराक."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि तो टाचेतला काटा, अकोला, ते एकच अक्षर, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मी म्हटलं, "बाबा, चापावरलं बोट काढा."

सवयीचा माणूस, बोट आधी काढलं आणि मग विचारलं, "काहून?"

"ढग नाही हाय. माहा हात हाय."

त्यांनी डावा हात नळीवरून पुढं सरकवला. दुर्बिणीवरून चाचपत माझ्या बोटांपर्यंत आला. एकेक बोट त्यांनी हातानं बघितलं. मग विचारलं, "तिकडं कोन हाय?"

"माय हाय."

त्यांनी रायफल खाली घेतली आणि गोळी काढली. ती हातातून निसटून गवतात पडली. ते दोन्ही हातांनी गवत चाचपू लागले, आणि गोळी त्यांच्या गुडघ्याशी पिवळी चकाकत होती. मी ती उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवली. तेवढ्यात मायनं आम्हाला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी त हरभऱ्यात गेल्ते ना?" ती टोपली घेऊन आली, आमच्या दोघांच्या हातात एकेक संत्रं दिलं आणि डुकरांना शिव्या घालत घराकडं चालू लागली. बाबा तिच्या मागून निघाले. संत्रं त्यांनी सोललं नाही, घरापर्यंत मुठीत धरून ठेवलं.

दुपारी सोल्याची भाजी होती. ओल्या तुरीच्या दाण्यांची, लसणाची फोडणी घातलेली ती भाजी बाबांच्या जीवाची. त्यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. म्हणाले, "नंदेची माय, मले दिसत नाही."

माय भाकरी थापत होती. "कायचं दिसत नाही?"

"मानूस ओळखू येत नाही. वरीस होऊन राह्यलं."

मायचे हात थांबले. तिनं विचारलं, "दुर्बीण आनली तरी बी?"

मी आजवर ऐकलेल्या प्रश्नांत एवढा भोळा आणि एवढा वाईट प्रश्न दुसरा नाही. तिला त्यांचं कमी दिसणं ठाऊक होतं, त्यांना शोधावं लागू नये म्हणून पाण्याचा तांब्या रोज एकाच जागी ठेवत होती, आणि दुर्बिणीनं ते भरून निघेल अशी तिची खात्री होती. बाबांनी दुर्बीण घेतली होती तीही त्याच आशेवर. मला दोघांचाही राग आला आणि मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "आज सकाळी म्या तुयावर नेम धरला होता. पोरीनं हात घातला मधात." मायनं पीठ लागलेला हात मागं नेऊन आपल्या पाठीला लावला, पदराखालून, जिथं खोळ असते तिथं. आणि म्हणाली, "जेवा आता. थंडं होऊन राह्यलं."

रायफल बाबांनी त्याच आठवड्यात मोर्शीच्या ठाण्यात स्वतः जाऊन जमा केली. लोक कुरकुरले, मग दुसरा परवानेवाला शोधला. अमरावतीला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जाड काचांचा चष्मा आला, तरी लांबचं माणूस पुसटच राहिलं. दुर्बीण कोणी मागितली नाही, ती माझ्याकडं आली. आता तिच्या काचेत बुरशीचे तंतू पसरलेत, पुतण्याला मी ती अजून दाखवलेली नाही. दाखवीन, पण आधी हे वाचायला देईन.

त्या दिवशी संध्याकाळी मायनं एक जुनं लाल लुगडं काढलं, त्याचा रुंद पट्टा फाडला आणि दाभणानं गोणपाटाच्या खोळीवर शिवला, बरोबर पाठीवर. मला वाटलं, भ्यायली. भ्यायलीच असेल. पण रायफल गेली, वर्षं गेली, खोळी फाटून नव्या झाल्या, तरी प्रत्येक खोळीवर तो लाल पट्टा होताच. मला लग्नानंतर एका हिवाळ्यात राहवलं नाही. म्हटलं, "माय, आता काहून लावतं व हे? आता कोन गोळी मारते तुले?"

ती टोपली उचलत म्हणाली, "गोळीसाठी नाही व. मी कोठी हाय ते त्याइले दिसाले पाहिजे ना."

बाबा धुऱ्यावर त्याच दगडापाशी बसलेले असत, चष्मा लावून. तो लाल पट्टा एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली गेला की ते तोंड तिकडं वळवत.